वाळू खाणे

दोर सोड जरा, पेरुचो. अजून वेळ आहे.
सावली पायरीच्या तिसऱ्या भेगेला टेकेल
तेव्हा दुपारची घंटा. त्याआधी नाही.
एक श्वाससुद्धा आधी नाही.

हस. लेकेइतिओत सगळेच हसतात,
धक्क्यावर जाळी सांधणाऱ्या बायासुद्धा:
म्हातारा अन्शो आणि त्याची भेग.

तुझ्याहून लहान होतो मी, अकरा वर्षांचा.
गलबतावर माझ्याकडे काम एकच,
अर्ध्या तासाची काच.
वाळू संपली की उलटायची आणि ओरडायचं,
म्हणजे सुकाणूवाल्याला कळे की पोर जागं आहे,
आणि देवाला कळे की आम्ही अजून आहोत.
दर खेपेला पाटीवर खडूची एक रेघ.
त्या रेघा मोजून दोमेन्होन नाखवा
चामड्याच्या नकाशावर टाचणी पुढे सरकवी.
एवढंच होतं रे आमच्याजवळ:
वाऱ्याचा अंदाज
आणि माझी वाळू.

रात्रीचा पहारा लांब असतो.
डांबराचा वास, गार पडलेली बोटं,
खिशातल्या बिस्किटात वळवळणारं काहीतरी.
काच अंगरख्यात, पोटाशी धरली
तर उबेनं वाळू भरभर उतरते, असं मोठी पोरं सांगत.
ते खोटं असावं.
पण चिमूटभर उरली असताना उलटली
तर बघतंय कोण?
याला खलाशी म्हणत वाळू खाणं.
मी खाल्ली. पहिल्या रात्री चिमूट,
दुसऱ्या रात्री मूठ.
काळ सोकावतो म्हणतात, तसा सोकावला.

एरवी सूर्य चोरी पकडायचा.
भर दुपारी नाखवा डोळे किलकिले करून वर बघे,
काच पुन्हा खरी करी, मला एक टपली.
पण त्या सफरीत अकरा दिवस ढग.
अकरा दिवस आभाळ म्हणजे भिजून लोंबणारं शीड,
आणि अख्ख्या जहाजावर
माझ्याशिवाय घड्याळ नाही.

बाराव्या दिवशी बेट.
काळे खडक, त्यांच्यावर पक्ष्यांचा पांढरा सडा,
कानठळ्या बसवणारा कलकलाट,
आणि कड्यावरून सुटलेली
गोड्या पाण्याची एक बारीक दोरी.
दाढीवाले बाप्ये गुडघ्यांवर बसून रडले.
नाखव्यानं रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मग चामड्यावर, जिथे ते नव्हतं तिथे,
त्या दिवसाच्या संताचं नाव लिहिलं.
खऱ्या जागेहून
माझ्या झोपेइतकं पश्चिमेला.

पुढे सेव्हियात त्याच्या नकला निघाल्या.
ज्यांचे पाय कधी भिजले नाहीत
त्यांनी सुबक अक्षरात उतरवल्या,
नकलेवरून नक्कल, कोपऱ्यात एक फुगलेल्या गालांचा वारा.
सहा वर्षांनी ओचोआ निघाला, माझा थोरला.
त्यांच्या कप्तानानं पिंपं अर्धीच भरली.
वाटेत पाणी आहे, म्हणाला, नकाशात दाखवलंय.
मी याच धक्क्यावर उभा होतो.
तोंड उघडलं, आणि काहीतरी बोललो
हवेबद्दल, त्याच्या नव्या जोड्यांबद्दल.
वेळ मारून नेली.

वादळही असेल. खडक असेल, ताप असेल.
दर्या काय पावती देतो?
पाद्रीबुवांना मी सगळं सांगितलं एकदा.
त्यांनी तीन प्रार्थना नेमून दिल्या
आणि हळूच विचारलं,
बेटावर सोनं होतं का?

ते बेट आहे तिथेच आहे, पेरुचो.
पाणी पडतंय कड्यावरून, आत्ताही,
पक्षी भांडताहेत.
आणि लोक त्याला शोधताहेत
एका झोपाळू पोराच्या पापण्यांखाली.

सावली कुठवर आली बघ.
नाही, नीट वाकून बघ.