नमुना क्रमांक एकेचाळीस

शिरूर ताजबंदच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत,
महानंदा केंद्रेंच्या ओट्यावर मी प्रश्नावली उघडली.
विषय : माजी सैनिकांच्या कुटुंबांचं आरोग्य.

गेल्या दोन आठवड्यांत झोप किती वेळा मोडली?
कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज.

"कुणाची?"

तुमची, म्हटलं.
सूप थांबलं नाही. उडदातले खडे बाजूला पडत राहिले.

"हे बॉर्डरवर व्हते तवा फोन वाजला की धस्स,
नाई वाजला की जास्तच.
आता घरीच हैत. पण डीपीवर फ्यूज उडाला
की अंधारात उठतेत, कडी बघतेत,
पोरं मोजतेत.
दोनच तर हैत पोरं. दोनदा मोजतेत.
मी डोळे मिटून पडते. मोजू द्यावं."

रकाने चार होते. पेन एकातही उतरेना.
समासात लिहिलं : दोनदा.
मग तेही खोडलं, गाईड विचारतील म्हणून.

एवढ्यात व्यंकटराव आले. दाढी गुळगुळीत,
पाण्याचा तांब्या थेट माझ्या हातात.
"लिहा मॅडम, सब ठीक."

सूप तेवढं एकदा थांबलं.

फाट्यावर त्यांनीच सोडलं, मोटारसायकलवर.
उदगीर गाडी लांबली. ते गेले नाहीत.
मी चढले, खिडकीशी बसले,
तर खाली उभं राहून बसचा नंबर
तळहातावर लिहून घेत होते.

"पोचल्यावर मिस्ड कॉल द्या," म्हणाले.
"नाहीतर हिला झोप लागायची नाई."