हॉर्नचा रिले

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, लास क्रूसेसमध्ये,
गाडीने गार हवा द्यायचं बंद केलं.
आधी वाटलं, रात्रपाळीने माझंच डोकं तापलंय.
मग बँकेच्या पाटीवर एकशे सात दिसलं
आणि स्टिअरिंगला लावलेला हात
तव्यावरून उचलावा तसा उचलला.

गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. बाराशे डॉलर.
अख्ख्या गाडीचे कुणी दोन हजार देणार नाही.
थँक यू म्हटलं, चारी काचा खाली केल्या
आणि दातांत वाळू घेऊन घरी आले.

शेजारी बारेला राहतात. वय सत्त्याहत्तर.
चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या उघडल्या त्यांनी.
आता नाकात प्राणवायूची नळी.
नळी पोचते ती दारातल्या खुर्चीपर्यंत,
त्यापुढचं सगळं परगाव.

"ब्रिंदा, बॉनेट उघड."
वृंदातला व त्यांना जमत नाही.
त्यांचं पहिलं नाव एउसेबियो, ते मी घेतच नाही.
फिटंफाट.
"हात तुझे, कान माझे. एसी लाव, पूर्ण."

मी लावला. त्यांनी डोळे मिटले,
कुकरच्या शिट्ट्या मोजताना माणूस गप्प होतो तसे.
"क्लिक झालं?"
नाही.
"म्हणजे क्लच पकडत नाही.
का पकडत नाही ते बघू.
मेला असं लगेच म्हणायचं नसतं."

फ्यूज काढून उन्हात धरला, तार शाबूत.
त्यांचं जुनं मीटर लावलं, काटा चढला, गॅस आहे.
पुढच्या जाळीतून पिकॅनचा वाळका मोहोर निघाला,
मूठभर, आणि एक टोळ, कधीचा कोण जाणे.
तरी वारा गरमच,
कुणीतरी तोंडावर उसासा टाकावा तसा.

"आता काळा डबा. आत चौकोनी ठोकळे आहेत.
एसीचा रिले आणि हॉर्नचा रिले, एकाच आईचे.
जागा बदल त्यांच्या."

निघेना. दोन नखं गेली.
मग निघाला, अंगणात उडाला,
निवडुंगाखाली हात घालून शोधावा लागला.
बसवला.

क्लिक.

चमचा बशीला लागावा एवढासा आवाज.
बारेलांनी खुर्चीचा दांडा थोपटला,
घोड्याची मान थोपटावी तसा.
मी गाडी हळूच पुढे घेतली, अगदी खुर्चीशी,
आणि दार उघडून झोत त्यांच्याकडे वळवला.
"फ्रियो," ते म्हणाले.
"गार," मी म्हटलं.
"गार."
हा शब्द दोघांनाही लागलाच जमला.

आता हॉर्नचं.

रोज सहाला कामावर निघताना
मी कोपऱ्यावर दोनदा हॉर्न देते.
आत पडदा हलतो.
असं करायचं असं आम्ही कधी बोललो नव्हतो.
एकदा चुकून वाजला होता, एकदा पडदा हलला होता,
बस, तेव्हापासून.

आज कोपऱ्यावर अंगठा दाबला.
काही नाही.
विसरलेच होते, मेलेला रिले आता हॉर्नच्या घरात.
नवा चौदा डॉलरला, शनिवारी येईल.
गळ्यावर गार हवा, पाठ कोरडी,
आठवडाभरात पहिल्यांदा माणसासारखं वाटत होतं
आणि गाडी मुकी.

मागे कुणी नव्हतं. पुढेही.
मी काच खाली केली, पूर्ण,
दुपारभर कमावलेला गारवा रस्त्यावर ओतला
आणि डोकं बाहेर काढून ओरडले,
"बारेला, निघाले हो!"
मराठीतच. दुसरं सुचलं नाही.

पलीकडच्या अंगणात कुत्रं भुंकलं.
कुणाचं तरी फवाऱ्याचं पाणी चालू होतं.
पडदा हलायला आज
थोडा वेळ लागला.