लादी सुटताना

बाई आल्या कुडाळहून, पावणेदहाच्या एसटीनं.
हातात छत्री, पिशवीत घरचं पाणी.
मला वाटलं होतं लॅपटॉप असेल, तक्ते असतील,
निदान वर जाणारा एखादा बाण तरी.

देवगड बंदराच्या उतारावर माझा बर्फाचा कारखाना.
दोन कॉम्प्रेसर, बावीस माणसं
आणि किल्ल्यांचा एकच जुडगा, माझ्या कमरेला.
जावई म्हणाला, एक्झिक्युटिव्ह कोच लावा,
पुण्यात सगळे लावतात.
म्हटलं, कोच क्रिकेटला असतो.
आणि तासाचे एवढे?
एवढ्यात एका ट्रॉलरचा खण गळ्यापर्यंत भरेल बर्फानं.

रेवती गिरप त्यांचं नाव.
बर्फाबद्दल त्यांना इतकंच ठाऊक
की तो सरबतात घालतात.
हे त्यांनीच सांगितलं, आणि विचारलं,
"दिवसातून किती वेळा कानावर येतं,
शेठ, काय करू?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
थांबल्या.
ओहोटीला गाळात रुतलेल्या होडीपाशी
माणूस थांबतो तसं.
ढकलण्यात अर्थ नसतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मोजलं,
मीटरच्या फळीवर, खडूनं.
एक्केचाळीस.
त्यातले सात नुसते झाडूबद्दल.

"यातलं कुठलं उत्तर फक्त तुमच्याकडेच आहे?"
मी वर पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर मीठ बसलं होतं.
म्हटलं, चार.
मग म्हटलं, तीन.

"सोमवारी सगळ्यांत शेवटी बोला," म्हणाल्या. बस एवढंच.
सोमवारी जीभ दाताखाली धरून बसलो.
बराच वेळ कोणी हूं की चूं केलं नाही.
सगळे माझ्या तोंडाकडे,
लिलावात वजनकाट्याकडे बघावं तसे.
मग कोपऱ्यातून तानू तारी,
एकवीस वर्षं यंत्राला तेल घालणारा,
पायाच्या अंगठ्याशी बोलल्यासारखा म्हणाला,
"दोन नंबरच्या बेरिंगचो आवाज बदललोहा. बुधवारपासून."
"मगे सांगलंस नाय कित्याक?"
सुटलीच माझी जीभ.
"तुमी इचारलास खंय?"

बेरिंग बदललं.
नाहीतर नारळीपौर्णिमा उलटल्यावर
बोटी धक्क्याला रांगेत
आणि माझ्या टाकीत नुसतं खारं पाणी.

सगळंच असं गोड नव्हतं.
तिसऱ्या भेटीत त्यांनी जुडग्याकडे बोट केलं,
"हा कोणाचा?"
बाबांचा, म्हटलं,
आणि पुढे का कोण जाणे, आवाज चढला.
आजचा तास पुरे, म्हणालो. त्या उठल्या, छत्री घेतली.
बिल पूर्ण तासाचं आलं.
बरोबरच आहे.
त्या रात्री जागा होतो, तो तास बहुधा त्यांचाच.

आता पहाटे पाचला शमिका धुरी कुलूप काढते.
हिशेब ठेवणारी, सव्वीस वर्षांची.
पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून पाळी चुकली,
मेस्तांची बोट बर्फाविना तासभर ताटकळली,
शिव्या माझ्यापर्यंत ऐकू आल्या.
मी नाक्यावरच्या हॉटेलात, समोर चहा,
पाय टेबलाखाली आपोआप चालत होता
कारखान्याच्या दिशेनं.
नाही गेलो.
शिव्या खाऊन तिनं फळ्यावर नवी पाळी लिहिली,
माझ्या पाळीपेक्षा बरी.
हे मी बाईंना सांगितलं,
तिला सांगायला अजून धीर होत नाही.

काल टाकीपाशी उभा होतो.
साखळीनं साचा वर आला,
पांढरा धूर सोडत,
तानूनं तो साध्या पाण्याच्या हौदात बुडवला.
हातोडा नाही, पहार नाही.
क्षणभर काहीच झालं नाही.
मग आतून बारीकसा आवाज,
आणि अख्खी लादी
घसरत आली बाहेर, एक कोपरा न तुटता.

तीस वर्षं रोज माझ्या समोरच होतं हे.

"काय बघतास, शेठ?"
काय नाय, म्हटलं.
तू कर तुझां.