शून्य पूर्णांक आठ

अंबडला बत्तीस वर्षं मी सेटर.
जॉब फिक्श्चरमध्ये आवळायचा, बटण दाबायचं,
मशीन आपलं कापतं.
त्यामुळे रोबोटची भीती नव्हती मला.
डॉक्टर कोपऱ्यातल्या पडद्याशी बसणार,
पोलादी हात तोंडातून जिभेच्या मुळाशी जाणार.
मी एवढंच विचारलं, टॉलरन्स किती?
ते हसले. हेमलता नाही हसली.

मग रिपोर्ट आला. तीन बाजू साफ.
चौथीला मार्जिन शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर.
मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.
एवढ्यावरून मी लॉटच्या लॉट परत पाठवलेत.

म्हणून तीस शेक.
गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून
त्यांनी माझंच फिक्श्चर बनवलं.
सोमवार ते शुक्रवार, द्वारकेच्या गर्दीतून रिक्षा,
टेबलावर क्लॅम्प, खट्, खट्, खट्, खट्,
आणि खोलीतून सगळे बाहेर.
जॉबला कसं वाटत असेल
हा प्रश्न बत्तीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

अठराव्या शेकानंतर पाणी कूलंटसारखं लागू लागलं.
खालच्या दुकानातला मिसळीचा वास नको म्हणून
हेमलता रविवारी खिडक्या लावून घ्यायची.
मला वासच येत नाही, हे तिला सांगितलं नाही.

गांगुर्डे मॅडम, वयानं माझ्या पोरीएवढ्या,
मला गिळायला शिकवतात.
जीभ दातांत धरा. गिळा.
आता कंठमणी वर गेला की तिथंच रोखा, दोन, तीन, सोडा.
दिवसाला साठ वेळा, तोंडात काही नसताना.
जॉब न लावता घेतलेला ड्राय रन.

मार्चमध्ये आहेर द्राक्षांची पेटी घेऊन आला,
मग लक्षात येऊन ती खुर्चीमागे सरकवली.
बराच वेळ बसला नुसता.
मी पाटी उचलली, खाली ठेवली,
आणि म्हणालो, "चहा?"
घासलेल्या बेअरिंगचा आवाज.
त्याला कळलं.

काल मेथीच्या पातळ भाजीचा घोट घेतला
आणि थांबलो.
"कडू आहे."
हेमलता पळी तशीच हातात धरून
म्हणाली, "परत म्हण."

आज नाकातून दुर्बीण.
डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काही दिसत नाही.
पास म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.
गेजलासुद्धा आम्ही कायमचं पास करत नसू,
पुढच्या तपासणीची तारीख चिकटवायचो.
त्यांनी फाइलवर लिहिली. दोन महिन्यांनी, मंगळवार.
शाई ओली होती.
फाइल उघडीच धरून जिना उतरलो.