दोन्ही ल

माझे वडील, रिश्तानचे कुंभार तुरसुनबॉय,
जीभ वर धरून बोलायचे.
खाली हिरवी चिमूट असायची:
तंबाखू, राख, चुना, सरकीच्या तेलाचे चार थेंब.
ती तोंडात असताना 'र' अर्धाच यायचा, 'ल' तर नाहीच.
माझं नाव लोला.
चाळीस वर्षं त्यांनी मला 'ओआ' म्हटलं.
मला वाटायचं, लाडाचं नाव आहे.

गिऱ्हाईक आलं की तुतीच्या बुंध्याशी जाऊन थुंकायचे,
ताटाची किंमत एकदाच सांगायचे
आणि लगेच दुसरी चिमूट भरायचे.
पुढे घासाघीस करायला तोंडात जागाच नसे.
लोक म्हणत, माणूस शब्दाचा पक्का.

हा एक फायदा, माझ्या हिशेबातला.
बाकीचे त्यांच्या:
कापूस वेचायला शाळाच्या शाळा शेतात नेत, त्या दिवसांत
हिनं दुपारची भूक मारली.
ठणकणारी दाढ गप्प बसते.
रेष काढताना हात हलत नाही.
आणि सिगरेट ओढणारा बायकापोरांनाही धूर पाजतो,
माझं माझ्यापाशी.

यातलं काही खोटं होतं असं मी म्हणत नाही.
भूक मेली असणार.
छाती तर स्वच्छच होती,
फरगान्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवली.
आजार तिथे नव्हताच.

बाजारातला मामासोदिक
वर्तमानपत्राच्या पुडीत नोस बांधून द्यायचा,
'यात कोंबडीची विष्ठा घालतात म्हणे,' असं कुणी म्हटलं की हसायचा,
हसताना त्याचीही जीभ वरच.
चुना लावला असेल त्यानं,
तर आधी स्वतःला.

राखेबद्दल वडिलांना मी काय सांगणार?
माळावरची खारी झुडपं जाळून
ते स्वतः राख करायचे,
गारेच्या पुडीत कालवून ताटांवर चढवायचे,
आणि भट्टीतून असं निळं निघायचं
की आई त्यात पोळी ठेवायला कचरायची.
राख मातीला पाणी देते, ते म्हणत.
मांसाला काय देते, ते भट्टीत कळत नाही.
जिभेखाली आधी डाग आला तांदळाएवढा,
पांढरा,
नीट न वितळलेल्या झिलईसारखा.
आई म्हणाली, चुन्यानं पोळलं असेल.
पोळलंच होतं.

अर्धी जीभ
आम्ही ताश्कंदला ठेवून आलो.

आता ते लिहितात.
जुन्या सिरिलिक लिपीत, शाळेत शिकवलं तसं तिरकं, जोडून.
माझा बुन्योद नऊ वर्षांचा,
त्याच्या शाळेतली अक्षरं लॅटिन.
तो आजोबांच्या मांडीशी बसून वहीत बघतो,
त्याला वाटतं, नक्षी काढतायत.
मधली मी. मला दोन्ही येतात.
दिवसभर मी घरभर त्यांना वाचून दाखवते:
पाणी.
खिडकी लाव.
तिसऱ्या फळीवरचं ताट तडकलं, मला ऐकू आलं.
सूप नको, सूप नको, किती वेळा सांगू.

हात अजून हलत नाही. ते बरोबर होतं त्यांचं.

काल संध्याकाळी वही माझ्याकडे सरकवली.
वर एकच शब्द: लोला.
सबंध.
दोन्ही ल, वळणदार, शाई दाट.
मी उभीच राहिले, हात पिठाचे.
मग खालची ओळ वाचली:
माझी नोसची भोपळी कुठे ठेवलीस?

वही मी उलटी धरली, सुलटी धरली,
मान हलवली,
अक्षर लागत नाही म्हणून खूण केली.
ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते.
त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

भोपळी पिठाच्या डब्यात आहे, तळाशी.
रिकामी नाही.

बुन्योदनं विचारलं, ही नवीन नक्षी का?
मी म्हटलं, हो.