नाडी एकशेबारा

गयाबाई सुरनर, वय एकाहत्तर.
दाळमिलमध्ये तीस वर्षं तूर निवडली.
डाव्या अंगावरून वारं गेलं, त्याला पाच महिने.

मी चष्मा चढवते, पट्टा अंबाड्याखालून आवळते.
"अगं माय, काय पाणी म्हणायचं हे!"
तिच्यासमोर पूल आहे, लाकडी, हलता.
माझ्यासमोर लातूरच्या सरकारी दवाखान्यातली
बारा फूट फरशी, मधली एक तडकलेली.

ती पाऊल उचलत नाही.
नाडी अठ्ठ्याहत्तर, शहाण्णव, एकशेबारा.
तळव्यांना घाम. अंगठा जमीन धरू बघतो,
डावा अंगठा,
जो पाच महिने माझं काही ऐकत नव्हता.

खोटं पाणी, खरा घाम.
वहीत मी दोन्ही एकाच ओळीत लिहिते.

पुलापलीकडं झाड. फळं तोडायची, डाव्या हातानं.
"सफरचंदं कशाला ठेवलीत, बाई?
शिताफळं ठेवा की. ह्याला डोळेच नाहीत,
पिकलंय का कच्चं, कळावं कसं?"
बोलता बोलता हात खांद्यापर्यंत जातो,
थरथरतो,
अजून थोडा वर.
बोटं मिटतात. मुठीत हवा.

चष्मा काढल्यावर ती बराच वेळ खुर्ची धरून बसते.
भिंत, पंखा, मी:
एकेक तपासून घेते, सुपातली दाळ निवडावी तशी.
नाडी चौऱ्याऐंशीवर येते.

मग विचारते,
"पडले असते तर भिजले असते का गं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडते.
ती लुगड्याचा काठ चाचपत असते.
कुठल्या हातानं, ते मी बघत राहते.