जखम भरेपर्यंत

पहिले तीन दिवस कायदा मोजत नाही.
म्हणजे सोमवारी बोट गेलं तर
गुरुवारपासून गेलं असं धरायचं.
दुखणं अठ्ठावीस दिवस चाललं
तर ते तीनही परत जमेस येतात,
हे युनियनच्या गुरुपादप्पांनी सांगितलं
चष्मा कपाळावर चढवून, फाईल न बघता.

मी विड्या वळते. मोजणं मला शिकवू नका.
पंचवीस विड्यांचा कट्टा,
हजारात चाळीस कट्टे,
छाटात गेल्या त्या वेगळ्या.
पंधरवड्याला पगाराचे पंचवीस टक्के, ते म्हणाले,
तेव्हा मी लगेच म्हटलं, म्हणजे एक कट्टा.
ते हसले. ह्यांनी मान खाली घातली.
पट्टीतून अजून पिवळं पाझरत होतं.

आणि किती दिवस?

बरं होईपर्यंत. नाहीतर पाच वर्षं.
जे आधी संपेल ते.

हे एवढंच वाक्य मी रिक्षात
अशोक चौकापर्यंत चघळत आले.

कारखान्यात माणसं चौदा, कागदावर सात.
म्हणून विम्याचं कार्ड नाही, विम्याचा दवाखाना नाही.
मालक वाईट नाही, हे अजून म्हणतात.
त्यानंच स्वतःच्या गाडीतून नेलं ह्यांना
सीटवर टॉवेल अंथरून.
दुसऱ्या प्रतीचा होता टॉवेल, काठ उसवलेला.
ते पण ह्यांनीच सांगितलं.

दोन पंधरवडे आले. तिसऱ्याला नोटीस धाडावी लागली.
तेव्हापासून मी जखमेकडे बघायला लागले
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.
कड सुकली की पोटात गोळा.
खपली धरली की ह्यांचा चेहरा खुलायचा,
मग माझ्याकडे बघून विझायचा.
एका सोमवारी मार्कंडेयाच्या देवळात गेले
आणि काय मागावं तेच कळेना.
बरं कर म्हटलं तर पैसे थांबतात.
राहू दे म्हणणारी बायको कसली.
नुसती घंटा वाजवून परत आले.

आमच्या घरात बोटाला वेलू म्हणतात, तेलुगूत.
स्रवंतीला शाळेत वेलीवरचा धडा होता.
छाटली तरी वेल पुन्हा फुटते,
मोठ्यानं वाचलं तिनं आणि गप्प झाली.
वाच की पुढं, हे म्हणाले,
परीक्षा तुझी आहे, माझी नाही.

बाविसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी दाबून बघितलं.
दुखतं का?
मी ह्यांच्या पायावर पाय ठेवेपर्यंत
हे नाही म्हणून मोकळे झाले होते.

त्या दिवशी तात्पुरतं संपलं आणि कायमचं लागलं.
कायमच्याचा दर वेगळा, तक्त्यात छापलेला.
अंगठा तीस.
अंगठ्याशेजारचं बोट, पूर्ण गेलं तर चौदा.
एकदाच मिळतात. किती दिवस पुरवायचे
ते त्या तक्त्यात नाही.
मागावर धागा तुटला की
ह्याच बोटावर घेऊन गाठ मारायचे हे,
माग न थांबवता, तेवीस वर्षं.
चौदा टक्के गाठ कशी असते
ते कुणीतरी मारून दाखवावी मला.

मतदानाला गेलो.
शाईची बाटली घेऊन बसलेल्या पोरीपुढं
सवयीनं ह्यांनी डावा हात धरला.
ती थबकली. शेजारच्या माणसाकडं बघितलं.
पुढच्या बोटाला लाव, तो म्हणाला, चालतं, नियम आहे.
तिनं मधल्या बोटावर रेघ ओढली
जरा जास्तच जाड.

नख वाढेल तशी ती रेघ वर सरकते आहे.
रोज रात्री हे बल्बखाली हात धरून बघतात.
अजून आहे, म्हणतात.
मी सुपातली पानं ओली करत म्हणते,
राहील की. महिनाभर तरी राहील.